कामबीजचे बूट

खोर्दाद महिना. खाली पोलूरच्या माळावर
खसखशीची लाल फुलं इतकी
की बेहरंगनं दोनदा गाडी थांबवली
आणि दोन्ही वेळा म्हणाला, इंजिन तापलंय.

खैरुल्लानं खेचरावर आमच्या पिशव्या लादल्या.
नूशिनची उचलून बघितली, पुन्हा खाली ठेवली :
"खानुम, दगड कशाला नेता? वर पुष्कळ आहेत."
सिरक्यातल्या लसणाची बरणी होती ती,
सात वर्षं मुरलेली.
दमावंदच्या माथ्यावर उघडायची असं ठरलेलं.
ठरलं तेव्हा आम्ही पाच होतो.

माझ्या पायात कामबीजचे बूट.
देश सोडताना त्यानं किल्ल्या, कुंड्या, मांजर
ज्याला त्याला वाटून टाकलं,
माझ्या वाट्याला हे आले. दीड नंबर मोठे.
दोन-दोन मोजे घातले तरी
टाच आत चालते, बूट बाहेर चालतो,
दोघांचं पाऊल काही एकदम पडत नाही.

निवाऱ्यात रात्री झोप कुणालाच नव्हती.
एका छपराखाली बावीस माणसं, बावीस खोकले.
तहमीने अंधारात कुजबुजली, "जागी आहेस?"
मी हो म्हटल्यावर
काहीच बोलली नाही.

पहाटे तीनला बर्फ
दाताखालच्या खडीसाखरेसारखा कडकडत होता.
आठला तोच मऊ, गुडघाभर,
आणि आत कुठेतरी खोल पाण्याचा आवाज :
उन्हाळा बर्फाच्या पोटातून
गुपचूप खाली उतरत होता,
आम्ही वर.

मग गंधकाचा वास.
नासक्या अंड्यासारखा, असं सगळे म्हणतात;
मला विद्यापीठातली प्रयोगशाळा आठवली,
कामबीजनं जाळून घेतलेली बाही,
आणि सरांनी "कोणाचा उद्योग?" विचारल्यावर
वर गेलेले पाच हात.

पाच हजार तीनशेवर बेहरंग बसला.
ओठ निळे. म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे."
शिखर इतकं जवळ की शिवी हासडावी.
नूशिननं त्याच्याकडे बघितलं, शिखराकडे बघितलं,
आणि पिशवीतून बरणी काढली.
झाकण गोठलेलं.
आळीपाळीनं काखेत धरून ऊब दिली
एखाद्या आजारी पाखराला द्यावी तशी.
काळा, मऊ लसूण. हातमोजे काढून
बोटांनीच खाल्ला,
वाऱ्यात डोळ्यांना पाणी येत होतं, वाऱ्यानंच.

तब्रीझचा कुणी म्हातारा वरून उतरत होता.
त्यालाही एक पाकळी दिली.
ती चघळत म्हणाला, "वर काही नाही हो. धूर आहे."
चार पावलं गेला, वळला :
"पण या एकदा जाऊन."

उतरताना माझा डावा बूट बर्फातच राहिला,
पाय मोज्यासकट बाहेर.
मी एका पायावर, बगळ्यासारखी,
तहमीनेचा हात खांद्यापर्यंत आत,
आणि बेहरंग, ज्याला आम्ही धरून आणत होतो,
तो हसायला लागला, हसता हसता खालीच बसला,
त्याच्या ओठांना रंग आला.

बूट निघाला. बर्फ झटकून पुन्हा चढवला.
खाली पोचेपर्यंत दर पावलाला
पच्, पच्, काहीतरी सांगत राहिला.

गाडीत टाचेच्या फोडाचा फोटो काढून
कामबीजला पाठवला.
त्याच्या गावी अजून उजाडलं नसणार.
लगेच उत्तर आलं :
लसूण उरला का?