हजेरी

मिरजेत, दवाखान्याच्या मागच्या जिन्याखाली आमची खोली.
एक मायक्रोटोम, एक कोमट पाण्याचं पातेलं,
आणि दस्तगीरमामांनी तीनदा दुरुस्त केलेला फ्रिज
जो रात्रभर खोकतो.

ब्लॉक चारशे सतरा. स्वादुपिंड, शेपटाकडचा भाग.
नाव नाही. नावं आमच्यापर्यंत उतरत नाहीत.
मेणातून तीन मायक्रॉनचा पापुद्रा निघतो.
तासगावच्या द्राक्षाचं साल याहून जाड.

काल संध्याकाळी थेंब टाकले होते,
आज रंग चढतोय.
कायनेज असेल तिथं तपकिरी,
बाकी सगळं नीळ दिलेल्या धोतरासारखं.

भिंगाखाली घड दिसतात. खरंच घड,
पाचकरस गाळणाऱ्या पेशी देठाला लगडलेल्या,
रंग जेमतेम, चहाला टेकवून काढलेल्या बिस्किटाइतका.
नळ्यांच्या काठाला एक बारीक रेघ.
आणि मधेच बेटं, गडद,
जून हळकुंड मोडल्यावर आत असतं तशी.

एका बेटात मात्र निम्म्याच पेशी रंगल्यात.

मगदूम मॅडमना आकडे हवेत. शून्य ते तीन.
"पद्मजा, वाटतंय ते नको, दिसतंय ते लिही."

आप्पा यार्डात हळदीचे सौदे करायचे.
टॉवेलखाली हात, हातात हात,
बोटं दाबून भाव.
मी पोत्यावर बसून टॉवेलाची हालचाल बघायची,
आकडा कधी कळला नाही.
साखर वाढली तेव्हाही तेच केलं त्यांनी.
रिपोर्ट टॉवेलात गुंडाळून माळ्यावर.
पायाचा अंगठा काढला त्या दिवशी घरात समजलं.

रंग एवढंच सांगतो, कोण हजर आहे.
कुणी कुणाला स्पर्श केला, निरोप पुढं गेला का,
की हात नुसताच आत थांबून राहिला,
ते त्यात नसतं.
त्याची चाचणी वेगळी, पुण्याला पाठवावी लागते,
पैसे मंजूर नाहीत.

लिहिते. घड, एक.
नळ्या, एक, फक्त काठ.
बेटं, तीन.
त्या अर्ध्या बेटापाशी पेन अडतं.
दोन लिहिते, खोडते.

मग शेऱ्याच्या रकान्यात, जो आम्ही कोराच सोडतो,
"एका बेटात निम्म्या पेशी कोऱ्या. काप पुन्हा घेते."
आणि ब्लॉक बर्फावर ठेवते,
मेण परत घट्ट व्हायला.