तेरा चाव्या

सेक्टर एकोणीस, कोपरखैरणे. जिन्याखालचं दुकान.
आत दोन माणसं मावतात, तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं.
सुगंधाबाई मढवी पायरीवरूनच बोलल्या,
साडीच्या दुकानाच्या पिशवीतून एकेक नळा काढत:
"बापाचा किलारनेट हाय. वाजल का?"

बघू, म्हटलं.
या धंद्यात हो म्हणायची घाई करू नये.

एबोनाइट उन्हानं शेवाळी झालेलं,
सांध्यांचा कॉर्क उंदरांनी नेलेला,
तेरा चाव्यांपैकी चार जागच्या जागी गंजलेल्या,
आणि करंगळीच्या चावीखाली पॅडऐवजी
सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
कात्रीनं कापलेला, पण काय गोल!
मला जमला नसता.

रात्री स्क्रू घासलेटात टाकले.
त्यांच्या खाचांतून सुईनं काही पिवळं निघत राहिलं.
पितळेचा कीट वाटला.
मग बोटाला लागला, वास घेतला. हळद.

घणसोली, तळवली, गोठिवली,
आता बिल्डिंगी आहेत तिथले मांडव,
पहाटेपर्यंत नाचणारी माणसं
आणि वाजवणाऱ्याच्या बोटांना चिकटून
घरी येणारं दुसऱ्यांचं लग्न.
कागदावर जमवली. चिमूटभर भरली.

मुखाशी वरच्या दातांच्या दोन खुणा:
डावी खोल, उजवी नुसता ओरखडा.
म्हणजे उजवा दात हलत असणार,
तरी माणूस वाजवत राहिला.
खणात मेरठचं नवं मुख होतं, साडेचारशेचं.
लावून पाहिलं. सूर सरळ आला,
बँकेतल्या माणसासारखा.
काढून ठेवलं.

शनिवारी त्या आल्या, सोबत नातू, कानात वायरी.
मला वाजवता येत नाही, तपासण्यापुरतं येतं,
खालून वर, वरून खाली.
त्यांनी मान कलती करून ऐकलं.
"त्याचा खालचा सूर घसराचा," म्हणाल्या,
"सगली हासाची."
काडेपेटीत ठेवलेला ट्यूबचा तुकडा मी पुढे केला.
त्यांनी तो उलटासुलटा पाहिला, कमरेच्या पिशवीत टाकला.

"माझ्या हलदीला त्यानंच वाजवला.
पैसे नाय घेतले."
आणि पायरी उतरता उतरता:
"जेवला पन बँडवाल्यांच्या पंगतीला."

बिलात लिहिलं: पॅड तेरा, स्प्रिंगा दोन,
कॉर्क, पॉलिश, मजुरी.
हळदीची पुडी वेगळी बांधून दिली.
तिला काय लावणार.

तेवढ्यात नातवानं फुंकर मारली.
शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर येऊन बघून गेला.
खालचा ओठ आत घे, मी म्हटलं,
वरचे दात टेकव नुसते, चावू नकोस.
मग म्हटलं, बरं, चाव.
जागा आहे तिथे.