एक पाव जास्त

कायानीच्या वाचनालयात, नकाशांच्या कपाटाशेजारी
माझा खेळ मांडलाय, एका जाडजूड मॉनिटरवर.
काळ्यावर हिरवी अक्षरं. चित्र एकही नाही.
रेघ म्हणजे भिंत, टिंब म्हणजे जमीन,
लहान आर म्हणजे उंदीर, मोठा आर म्हणजे पळा.
आणि तुम्ही म्हणजे ईमेलच्या पत्त्यातली ती गोल खूण.
आमच्याकडे तिला म्यांव म्हणतात,
शेपूट अंगाभोवती घेऊन बसलेलं मांजर दिसतं म्हणून.

मजले नऊ. जीव एक.
मेलात की भुयार नव्यानं खणलं जातं
आणि पुन्हा पहिल्या पायरीवर तुम्ही, रिकाम्या हातांनी.

शेजारी बुटांचा खोका, दोरीला बांधलेली पेन्सिल.
चिठ्ठ्यांचा कागद गिरणीतला.
गिरणी बंद झाली त्या दिवशी मी घरी नेलेली रिमं
अजून संपलेली नाहीत.

शुक्रवारी खोका उघडते.

'मरण पटलं. अक्षरं मात्र मोठी करा. ताउनो.'
'तिसऱ्या मजल्यावरचं दार अन्यायाचं आहे.'
(सही नाही, पण अशा सात चिठ्ठ्या, सगळ्या एकाच हाताच्या.)
'आवाज का नाही?'
आवाज आहे हो. वाचनालयानं बंद केलाय.
'माझ्या नवऱ्याला जेवायला घरी पाठवा.'

आणि हिल्का मोइलानेन, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त,
कागद पाठपोट भरून:
'एकतीस वर्षं पोरांना वाढलं.
इतके जिने उतरणाऱ्या माणसाला
एका पावावर कुणी ठेवत नाही.
तुला आई नव्हती का?'

आता हिल्काला कसं सांगू
की भूक हेच या खेळातलं घड्याळ;
ती नसेल तर कोण कशाला खाली उतरेल?
नाही सांगितलं. एक पाव वाढवला.

महिनाभर सगळे मजेत हिंडले,
पहिल्याच मजल्यावर उंदीर मोजत बसले,
आणि खोक्यात आलं: 'कंटाळा.'
'कंटाळा.' 'आधीचं बरं होतं.'
मी पाव काढून घेतला.
हिल्कानं त्या शुक्रवारी नुसता कोरा कागद टाकला,
चार घड्या घालून.

मग एक चिठ्ठी, ओळीबाहेर सांडणाऱ्या अक्षरांत:
'मी मेलो तेव्हा माझा पाव उरला होता.
तो आता कोणाचा? नूत्ती, वय नऊ.'

मी कोट न काढताच खुर्चीत बसले.
पुढच्यास ठेच, मागचा शहाणा,
माझं सगळं गणित एवढ्यावर उभं होतं.
मागचा उपाशीही असेल,
हे बारा वर्षांत सुचलं नव्हतं.

अकरा ओळी लागल्या फक्त.
भुयार आता जुनंच राहतं,
आणि जो जिथे पडेल, तिथे त्याची झोळी.
मागून येणाऱ्यानं उचलावी.

पंधरवड्यानं नोंदी तपासताना दिसलं:
मंगळवार, चार वाजून दहा. हिल्का.
तिसरा मजला, दाराशी.
मृत्यूचं कारण: भूक.
झोळीत शिल्लक: पाव, एक.

पाव जवळ असून उपासमार? चूक माझीच असणार.
दोन रात्री शोधली. उणे-अधिक तपासलं, कंस मोजले,
कॉफीचा डबा संपवला.
पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. चार दहा. भूक. पाव, एक.
त्याच्या पुढच्याही.

शेवटी खालची ओळ वाचली,
जी आधीच वाचायला हवी होती:
चार पस्तीस. नूत्ती. तिसरं दार पार.

आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात.
हिल्का दर मंगळवारी मरते,
चष्मा पुसते, हातमोजे चढवते,
आणि शाळा सुटायच्या आत घरी जाते.
पोरगं तिला ओळखत नाही.

या शुक्रवारी तिची चिठ्ठी आली, दोनच ओळी:
'खेळ आता बरा आहे.
पण कोरडा पाव घशाखाली उतरत नाही. लोण्याचं बघ.'

बघतेय.
बहुतेक सगळी अक्षरं राक्षसांनी घेतलीत.