छातीच्या उंचीवर

झाडाला खिळा ठोकणं हा गुन्हा आहे,
म्हणून झाड तोडायची नोटीस
मी दोऱ्यानं बांधतो.
दोरा उद्यान विभागात नसतो, मागणीपत्र अडकलंय कुठंतरी.
विडी घरकुलच्या एका लूमवाल्याकडून
टॉवेलच्या ताण्याचं सूत मागून घेतलं.

कडुलिंब. एक नग.
घेर छातीच्या उंचीवर मोजायचा.
कुणाच्या छातीच्या, ते साहेब सांगत नाहीत.
मी बुटका. माझ्या आधीचे माशाळ सहा फुटी होते,
त्यांच्या वहीत हेच झाड बारीक आहे.

अर्जदार: रेवणसिद्ध म्हेत्रे, प्लॉट नंबर सतरा.
कारण: गच्चीवरच्या सोलर पॅनेलवर सावली पडते.
खोटं नाही. वर चढून पाहिलं,
निळ्या काचेवर पानांची जाळी हलत होती,
आणि एप्रिलचं ऊन त्रेचाळीसच्या पुढं.
म्हेत्र्यांनी ताक दिलं.
वीजबिल दाखवलं, चार घड्या घातलेलं.

सात दिवस. आक्षेप असल्यास लेखी.
होटगी रोडकडं रस्ता रुंद केला तेव्हा
एकेचाळीस नोटिसा मीच बांधल्या होत्या.
सात दिवस कुणी आलं नाही.
आठव्या दिवशी करवत आली, ती वेळेवर.
त्या फायलीत एकही सही चुकलेली नाही.
तिथून जाताना मी गाडीचा वेग वाढवतो.

इथं सहाव्या दिवशी अंबव्वा चिलवेरी आली,
काखेत सूप, बोटांना तंबाखूचा वास.
"लिही की तूच. मला तेलुगूच येतं, ते पण अर्धं."
झाडाशी संबंध: मालक, भाडेकरू, शेजारी.
तिन्ही नाही, म्हणाली.
"मूळ त्याच्या आवारात. खोड त्याच्या आवारात.
सावली कुंपणाच्या भायेर पडती.
भायेर पडल्यालं कुणाचं असतं, ते सांग."

मी कलमं चाळली.
फांदी आहे, खोड आहे, वय आहे,
भरपाईची रोपं, अनामत, दंड.
सावली कुठं नाही.

"एकतीस वर्षं ह्याच्याखाली बसून वळते मी.
घरात पत्रा हाय. पत्र्याखाली पान कडक होतं,
वळत नाही, तुटतं."
तेंदूचं पान म्हणायचं होतं तिला.
मी लिहिलं: पान वळत नाही.
खोडायला हवं होतं. तसंच पुढं गेलं, आवक क्रमांकासह.

समितीची बैठक कोरमअभावी दोनदा रद्द झाली.
तिसऱ्यांदा काय झालं माहीत नाही,
एक ओळ आली: फक्त छाटणी, दक्षिणेकडील दोन फांद्या.
म्हेत्र्यांना थोडी वीज मिळाली.
अंबव्वानं सूप हातभर सरकवलं.
कुणी कुणाचे आभार मानले नाहीत.

नोटीस काढायची ऑर्डर मात्र निघालीच नाही.
परवा, वर्षानं, आपणहून गेलो.
कागद कधीच गेला होता.
सूत होतं, सालीत रुतलेलं,
दोन्ही बाजूंनी खोड फुगलेलं,
लग्नापासून न काढलेल्या अंगठीभोवती बोट फुगतं तसं.
ब्लेडनं कापताना हात थरथरला.
सालीला इजा, तोही गुन्हाच.

मग उगाच टेप लावली, माझ्याच छातीशी.
अडीच सेंटिमीटर जास्त.
वहीत त्याला रकाना नव्हता.

"काय निघालं?" अंबव्वानं मान वर न करता विचारलं.
"वाढलंय."
"मग. पाणी घालतीय की," ती म्हणाली,
"चार दिवसाला येतं नळाला, तरी."