जड पाणी

स्विंडनचं पाणी दुष्फेन. शाळेतला शब्द
इथे येऊन कळला:
किटलीच्या तळाला पांढरी खपली,
शाल्मलीच्या कोपराच्या लवणीत लाल.

ओटमील जुन्या मोज्यात बांधून
टबात पिळतो. कोमट, ढगाळ पाणी.
मग टिपायचं, पुसायचं नाही.
मलम चमच्याने काढायचं,
डब्यात बोटं नकोत.

रात्री दोनला भिंतीपलीकडून
खर्र, खर्र.
"खाजवू नकोस" इतक्यांदा म्हटलंय
की तिला ते स्वतःचं नाव वाटत असेल.

आज बोललो नाही.
हात पुढे केला फक्त.
तिने माझ्या मनगटावर नखं चालवली,
सावकाश, झोप लागेपर्यंत.

सकाळी तिची चादर कोरी.
मी ऑफिसात
बाही खाली ओढून बसलोय.