पैकाबाईचे दोनशे साठ

मशीन म्हणालं, कार्ड अवैध.
मी ते युनिफॉर्मच्या बाहीला पुसलं,
उलटं धरलं, सुलटं धरलं,
खिडकीतून हात काढून बाहेर धरलं,
जशी रेंज पळसाच्या शेंड्यावर बसलेली असते.
अवैध.

पैकाबाई आत्राम कार्ड ठेवते
चुन्याच्या डबीसोबत एकाच पिशवीत,
म्हणून त्याच्या कोपऱ्यावर पांढरी बोटं.
फोटोत ती हसलेली नाही.
"थो पोट्टा म्हने, हालू नको."

पोळ्याआधी तिनं तीनशे भरले होते
तालुक्याला, झेरॉक्सच्या दुकानात,
जिथं एक टेबल एजन्सीचं होतं.
हिशेब तिला पाठ, मला नाही:
दोनदा जाणं, दोनदा येणं, दहा-दहा रुपये.
"मंग दोनशे साठ कोन्या गावाले गेले?
मी तं अथीच हाये.
पैसे गाडीत बसले अन् मले ठेवलं फाट्यावर."

डेपोत विचारा, मी म्हटलं.
डेपोत काय सांगतात ते मला माहीत होतं:
प्लास्टिक आमचं, पैसे एजन्सीचे.
एजन्सी म्हणते, सर्व्हर पुण्याचा.
टेबल तर आता तिथं नाहीच,
फरशीवर त्याच्या चार पायांचे डाग आहेत.
कार्डामागचा नंबर लावला तर एक बाई म्हणते
आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,
आणि मग पेटी वाजत राहते, नऊ मिनिटं,
घाटात रेंज जाईपर्यंत.

खोटं कोणीच बोलत नाही.
प्रत्येकजण फक्त थोडा बाजूला सरकतो,
बाकावर चौथ्याला जागा करावी तसा,
आणि त्या जागेवर कोणी बसत नाही.

बसा मावशी, मी म्हटलं.
तिकीट काढलं नाही.

दहाव्या किलोमीटरला जीप आडवी. तपासणी.
साहेब तसे वाईट नव्हते,
रुमालानं मान पुसत होते,
त्यांनाही महिनाअखेर कुठलातरी आकडा द्यायचा होता.
विनातिकीट प्रवासी, एक.
मशीन पाहिलं. मशीन ठीक आहे म्हणाले.
कार्ड पाहिलं. ते आपल्या अखत्यारीत नाही म्हणाले.
अखत्यारीत काय आहे हे शोधता शोधता
त्यांची नजर माझ्या बिल्ल्यापाशी येऊन थांबली.
एवढ्या सगळ्या कारभारात
छातीवर नंबर लावून उभी असलेली
मी एकटीच.

मेमोवर सही केली.
ड्रायव्हर गुल्हाने स्टेअरिंगवरची धूळ बघत राहिले,
जशी ती आजच बसली होती.

तेव्हा पैकाबाई उठली.
"कार्ड माह्या नावाचं, फोटो माहा,
मंग कागदावर माहा आंगठा काहून नाही?"
साहेब म्हणाले, प्रवाशासाठी रकाना नाही.
"नसन. जागा तं हाये."
माझं पेन गळकं. तिनं तेच घेतलं,
निबाला अंगठा चोळला
आणि माझ्या सहीखाली, चौकटीच्या बाहेर,
कागद फाटेल इतका दाबला.

मेमो वर गेला. किती वर, माहीत नाही.
माझ्या पगारातून कापलेले मात्र बरोबर पोचले;
तो सर्व्हर कधी बंद नसतो.

मंगळवारी, बाजाराच्या गाडीला, ती पुन्हा आली.
एका हातात दहाची नोट, दुसऱ्या हातात कार्ड.
आता ते कशाला आणलं मावशी?
"असू दे. त्यालेबी फिरवून आनतो."
मी ते मशीनवर ठेवलं.
अवैध.
"बोलते तं अजून," ती म्हणाली
आणि खिडकीकडे सरकली.
मी बसले तिथं,
घाटापुरती.