कोम ओम्बोला बोट तीन तास थांबते

इस्नाच्या लॉकगेटात आमची बोट अडकून उभी,
पाणी भरेल तेव्हा वर उचलली जाणार.
खाली होडक्यांतून पोरं ओरडतायत,
प्लॅस्टिकच्या पिशवीत झगे, टॉवेल गुंडाळून
तिसऱ्या मजल्यावर नेमके फेकतायत.
एक पिशवी माझ्याच मांडीत.
म्हटलं, भावा, मी तंताची. मला परदेशी भाव सांगू नकोस.
म्हणाला, तंताची ना? मग चणे टाक.
टाकले. आईने डबा भरून दिलेच होते.
नबरा रेलिंगला धरून हसतेय, पोट दुखेपर्यंत.

सहामाही संपलेली. दोघींत एक खोली,
इंजिनाच्या बरोबर डोक्यावर, म्हणून परवडलेली.
रात्रभर खाट थरथरते
आणि स्वप्नात मी कुणाच्या तरी दाढेत ड्रिल धरून बसलेली.

एदफूला घोडागाडी. मी घोडीचे दात पाहिले,
म्हटलं, चौदा वर्षांची आहे.
गाडीवाला म्हणाला, डॉक्टरीणबाई, गिऱ्हाइकांसमोर नऊ.
आत देवांचे चेहरे कुणी कधीकाळी छिन्नीने खरवडलेले,
पाय मात्र शाबूत, एकाच बाजूला चालणारे.
मी दोनशे फोटो काढले.
नबराने एकही नाही. मी विचारलंही नाही.

कोम ओम्बोला मी भिंतीपाशी खिळले:
चिमटे, सुऱ्या, आकडे, दगडात ओळीने कोरलेले,
आमच्या तिसऱ्या वर्षाच्या ट्रेसारखे.
नबरा म्हणाली, मगरी नंतर बघ. चल, आत्याकडे.
कुठली आत्या?
इथलीच. म्हणजे, इथली नाही.

टुकटुकने उसाच्या शेतांमधून.
सरकारी घरं, एकाला एक चिकटलेली,
गावाचं नाव तेच, जे पाण्याखालच्या गावाचं होतं.
फहीमा आत्याने आब्रे दिलं, आंबट, गार,
आणि नूबी भाषेत खूप वेळ बोलली.
नबराला निम्मं कळतं. मला त्या निम्म्यातलं निम्मं
नबरा सांगेल तेवढं.

आठ वर्षांची होती, स्टीमरवर चढवलं तेव्हा.
घराच्या दर्शनी भिंतीत आईने चिनी मातीची ताटली लिंपलेली,
निळ्या काठाची.
बापाने ती कोरून काढायला घेतली
आणि मधोमध तडकली.
अर्धी आली. ही बघ.
सिमेंटच्या भिंतीत, दिव्याच्या बटणाशेजारी,
अर्धी ताटली.
बाकी अर्धी तिथेच राहिली, ती म्हणाली,
खाली.

मग माझ्याकडे वळून: तू दातांची ना? बघ जरा.
मोबाईलचा उजेड धरून मी आत पाहिलं.
खालची डावी दाढ, वरचा भाग कधीच गेलेला,
मूळ हिरडीत गच्च.
काढावं लागेल, मी म्हटलं, आत मूळ राहिलंय.
नबराने सांगितलं. आत्या हसली.
राहू दे. दुखत नाही.

परतताना उशीर. बोटीने तीनदा भोंगा दिला.
आम्ही फळीवरून धावत चढलो, हातात खजुराची पिशवी,
मगरी राहिल्याच.

दुसऱ्या दिवशी फिली. होडीतून बेटावर.
खांबांच्या सावलीत गाईड सगळ्यांना गोळा करून सांगत होता:
जुनं बेट पाण्यात जाणार होतं,
म्हणून हे अख्खं देऊळ कापलं, नंबर घातले,
इथे आणून पुन्हा उभं केलं.
दगड न् दगड, तो म्हणाला, मोजून, जागच्या जागी.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग थोडी शांतता.

त्या शांततेत नबराने चणा फोडला.
कट्.
सगळ्यांनी वळून पाहिलं.
ती समोर बघत चावत राहिली,
आणि मी, सवयीने,
कुठल्या दाढेने चावतेय ते ऐकत उभी.